पूर्वजांचा रकाना

मॉरिशसच्या नोटा एकदा ओळीने मांडून पाहाव्यात. पंचवीसच्या नोटेवर मोईलिन ज्याँ आ-श्वेन, चिनी समाजातले उद्योजक आणि पुढे मंत्री. पन्नासवर मॉरिस पातुरो, फ्रेंच वंशाचे. शंभरावर रेंगानादेन सीनीवासेन, तमिळ वकील. दोनशेवर अब्दुल रझाक मोहमद, मुस्लिम नेते. पाचशेवर सुखदेव बिसुनदयाल, हिंदू. हजारावर गेताँ द्युव्हाल, क्रिओल, म्हणजे आफ्रिकी गुलामांच्या वंशातल्या मिश्र समाजाचे. आणि दोन हजारांवर देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. नोट बदलली की समाज बदलतो. मराठी चेहरा यात नाही, तेलुगू नाही, आणि बाई तर एकही नाही.

हजाराच्या नोटेवरचे द्युव्हाल १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधात उभे होते. ब्रिटिश गेले की बेटावर हिंदूंचं राज्य येईल, ही भीती त्यांच्या पक्षाच्या प्रचाराचा कणा होती, आणि त्यांना सुमारे ४४ टक्के मतं पडली. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. जानेवारीत पोर्ट लुईमध्ये दंगल झालेली होती, अनेक क्रिओल कुटुंबं ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागली होती. पुढे तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, नोटांची ही मालिका निघाली आणि ज्यांना हा देशच नको होता ते देशाच्या नोटेवर आले. आपल्याकडे एवढ्यावर दोन सरकारं पडली असती.

तिथे भांडण झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. नोटेवर रकमेचे शब्द इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग हिंदीत, असा जुना क्रम होता. नव्या नोटांवर हिंदी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही इथे आधी आलो. ते खरंही आहे. फ्रेंचांच्या काळात, अठराव्या शतकात, पाँडिचेरीकडचे गवंडी, सुतार, कारागीर बेटावर आणले गेले. भोजपुरी भागातले मजूर शंभर वर्षांनी आले. शेवटी त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. एका ओळीची जागा चुकली म्हणून देशाच्या मध्यवर्ती बँकेला चलन बदलावं लागलं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण ज्या देशात मूळचं कुणीच नाही, तिथे ‘आधी कोण आलं’ याला जी किंमत येते ती आपल्याला चटकन कळत नाही. मॉरिशसवर माणूस नव्हताच. डच १६३८ मध्ये वस्तीला आले आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. फ्रेंचांनी १७१५ मध्ये बेट ताब्यात घेतलं, ब्रिटिशांनी १८१० मध्ये जिंकलं. मूळ रहिवासी म्हणावा असा डोडो होता, तो डचांच्या काळातच संपला. तेव्हा भूमिपुत्र हा शब्द तिथे कुणालाच लावता येत नाही. जे आहेत ते सगळे उतरलेले. फरक एवढाच की कुणी मालक म्हणून उतरला, कुणी साखळदंडात आणि कुणी कागदावर अंगठा उठवून. स्थलांतराने राष्ट्राची ओळख बदलते का, हा वाद युरोप-अमेरिकेत ज्या पद्धतीने चालतो, तसा इथे चालूच शकत नाही. इथे स्थलांतर वजा केलं तर खाली उरतो तो ज्वालामुखीचा काळा दगड.

अंगठ्याची गोष्ट १८३४ ची. गुलामगिरी बंद होणार हे ठरलं होतं (बेटावर ती १ फेब्रुवारी १८३५ ला संपली) आणि उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. मालकांना गुलामांच्या बदल्यात ब्रिटिश सरकारकडून सुमारे वीस लाख पौंड भरपाई मिळाली. गुलामांना काहीच नाही. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. ब्रिटिश साम्राज्याने याला ‘महान प्रयोग’ म्हटलं. प्रयोग असा की गुलामाऐवजी करारावरचा ‘मुक्त’ मजूर आणून साखर त्याच भावात निघते का ते पाहायचं. निघाली. मग हीच पद्धत त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजीपर्यंत गेली. एकट्या मॉरिशसला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली, आणि १८६१ पर्यंतच बेटावरची दोन तृतीयांश वस्ती भारतीय झालेली होती. दोन तृतीयांश, आणि तेही तीस वर्षांच्या आत! आजचा कुठलाही देश एवढ्या वेगाला काय म्हणाला असता याची कल्पना करून पाहावी.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ पासून स्थलांतरितांचं जे ठाणं उभं राहिलं, त्यालाच आज आप्रवासी घाट म्हणतात. बराचसा भाग पुढे रस्त्याखाली गेला. उरलं आहे ते दवाखान्याचं स्वयंपाकघर, संडास, पहारेकऱ्याची खोली आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. उतरलेल्या माणसाला इथे साधारण दोन दिवस ठेवत. डॉक्टर तपासणी करी, कारकून नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, अंगावरची खूण लिहून घेई, आणि एक क्रमांक देई. पुढे १८६० च्या दशकात फोटो काढून तो ओळखपत्राला चिकटवायला लागले. सुरुवातीच्या करारात पाच वर्षं राबायचं, महिना पाच रुपये, वर शिधा. पण खरी मेख दंडात होती. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, याला मळ्यावर ‘दुहेरी काट’ म्हणत. महिन्यात पाच-सहा दिवस ताप आला की हिशेबात अर्धा महिना गायब. करार संपून बाहेर पडलेल्यालाही मोकळीक नव्हती: १८६७ च्या कायद्याने त्याने फोटोचं ओळखपत्र जवळ बाळगायचं, नाहीतर भटक्या म्हणून तुरुंगात. मजुरांच्या वतीने आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याने १८७१ मध्ये मोठा अर्ज केला, त्यावर शाही आयोग बसला, आणि आयोगाचा अहवाल मळेवाल्यांना सोयीचा निघाला नाही.

त्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते मॉरिशसचं खरं राष्ट्रीय दप्तर तेच. कारण त्या वह्यांच्या रकान्यांतूनच पुढचं सगळं निघालं. उदाहरणार्थ आडनाव. कारकुनाला आडनाव ही भानगड कळत नव्हती, किंवा मजुराकडे ती नव्हती; मग त्याचं किंवा त्याच्या बापाचं पहिलं नाव, फ्रेंच-इंग्रजी कानाला जसं ऐकू आलं तसं, पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. तिथल्या मराठी घरांत कोकणातली ओळखीची आडनावं शोधायला गेलं तर बहुतेक वेळा हाती लागतं ते कुणा पणजोबाचं नाव, शेवटी ‘जी’ लावलेलं.

हे पणजोबा मुंबई बंदरातून गेले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांत मुंबईचा वाटा सगळ्यात लहान, आणि त्यातले पुष्कळ लोक रत्नागिरीच्या बाजूचे. मळेवाल्यांच्या हिशेबात माणूस बंदराच्या नावाने ओळखला जाई. गावी जो कुणबी होता, मराठा होता, महार होता, तो जहाजातून उतरेपर्यंत ‘बॉम्बे’वाला झाला. जात पूर्ण गेली असं नाही, पण एका बराकीत, एका चुलीवर ती आखडली, आणि तिची जागा भाषेने घेतली. आपण ‘मराठी समाज’ असं जे म्हणतो, तो त्या अर्थाने मॉरिशसमध्ये महाराष्ट्राच्या आधी जन्माला आला असं म्हणायला हरकत नाही.

त्याची खूण गणपतीत दिसते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, आणि ती चतुर्थीला नसते. २०२२ मध्ये आपल्याकडे गणपती ३१ ऑगस्टला बसले. तिथली सुट्टी १ सप्टेंबरला. २०२३ मध्ये आपले १९ सप्टेंबरला, त्यांची सुट्टी २० ला. २०२४ मध्ये ७ आणि ८. पंचांगाचा घोळ नाही हा. सुट्टी विसर्जनाची आहे, आणि गणपती दीड दिवसाचा आहे! पुण्याचे दहा दिवस, लालबागचे दहा दिवस तिथे पोचलेच नाहीत, कारण ही माणसं निघाली तेव्हा ते मांडव नव्हते. तिथला पहिला म्हणून सांगितला जाणारा गणपती १८९६ चा, घरातला. कोकणातली घरगुती दीड दिवसाची रीत एका प्रजासत्ताकाच्या राजपत्रात जाऊन बसली आहे. मिरवणुकीत ‘झाकरी’ नाचतात. रत्नागिरीकर हे नाव ऐकून ओळखतील: जाखडी, बाल्या नाच. मधे ढोलकीवाला आणि बुवा, भोवती रिंगण, पायात चाळ. ‘जा’चा ‘झा’ झाला, ‘ख’चा ‘क’ आणि ‘ड’चा ‘र’, एवढंच.

मात्र रिंगण संपल्यावर नाचणारी पोरं एकमेकांशी बोलतात ती क्रिओल, गुलामांच्या तोंडी फ्रेंचमधून घडलेली बेटाची बोली. या देशाचं सगळं त्रांगडं या एका वाक्यात आहे.

जनगणनेच्या अर्जात तिथे भाषेचे दोन रकाने असतात. एक, घरी सहसा बोलली जाणारी भाषा. दुसरा, पूर्वजांची भाषा. २०११ मध्ये पहिल्या रकान्यात ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी क्रिओल लिहिली. दुसऱ्या रकान्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू, चिनी भाषा. म्हणजे माणूस कोण आहे हे तो काय बोलतो यावरून ठरत नाही. त्याचा खापरपणजोबा जहाजावर काय बोलत होता यावरून ठरतं. शाळेत पहिलीपासून ही ‘पूर्वजांची भाषा’ ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात, सरकारी पगारावरचे मराठीचे शिक्षक आहेत, पाठ्यपुस्तकं आहेत. मराठी भाषिक समाज केवढासा, काही हजारांचा. पण रकाना आहे म्हणून शिक्षक आहे, शिक्षक आहे म्हणून परीक्षा आहे, परीक्षा आहे म्हणून भाषा आहे. आपण मराठीच्या काळजीने जेवढे सुस्कारे टाकतो तेवढ्यात तिथे एक तासिका होऊन जाते. अर्थात अशी भाषा जगते ती तासिकेत आणि आरतीत. बाजारात ती लागत नाही.

या रकान्यांचा दुसरा, जास्त अवघड वापर निवडणुकीत होतो. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन आमदार, रॉड्रिग्ज बेटाचे दोन, एकूण ६२. मतदाराने तीन मतं द्यायचीच, दोनच दिली तर मतपत्रिका बाद. या पद्धतीत लाट आली की विरोधक साफ होतात: १९८२, १९९५ आणि २०२४ मध्ये मुख्य बेटाच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीने नेल्या. तेव्हा अल्पसंख्याकांना खात्री हवी म्हणून, स्वातंत्र्याआधीच, ‘बेस्ट लूझर’ची तरतूद झाली, दोनशेच्या नोटेवरचे अब्दुल रझाक मोहमद यांचा तिच्यात मोठा हात. निवडणूक झाल्यावर पडलेल्या उमेदवारांतून कमाल आठ जणांना घ्यायचं. उमेदवाराने अर्ज भरतानाच जाहीर करायचं की तो हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन की ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ यातला.

हिशेब असा: समाजाची लोकसंख्या घ्यायची, निवडून आलेल्या त्यांच्या आमदारांत एक मिळवून भागायची, उत्तर ज्याचं मोठं त्याला जागा. समजा हिंदू ४२८ हजार आणि आमदार ३८, मुस्लिम १३७ हजार आणि ७, सर्वसाधारण २३७ हजार आणि १७, चिनी २४ हजार आणि शून्य. चिनींचं उत्तर २४, मुस्लिमांचं १७.१, सर्वसाधारणचं १३.२, हिंदूंचं ११ च्या आत. पहिली जागा चिनी उमेदवाराला. आता त्यांचे भाजक दोन झाले, उत्तर १२. मग मुस्लिम, मग १३७ भागिले ९, म्हणजे १५.२, पुन्हा मुस्लिम, आणि चौथीही, १३.७ ने निसटती, मुस्लिमच. समाज ठरला की त्या समाजाचा, स्वतःच्या मतदारसंघात सर्वाधिक टक्के मतं घेऊन पडलेला उमेदवार आत जातो. या चार जागा पक्ष न बघता भरतात. उरलेल्या चार पक्षांचा तोल बिघडू नये अशा बेताने. मराठी माणूस या हिशेबात हिंदू. तमिळ, तेलुगूही हिंदू. नोटेवर वेगळे, राज्यघटनेत एक.

भागाकार निर्दोष आहे. भाज्यात मात्र गोम आहे. समाजाची शेवटची मोजणी १९७२ ची. त्यानंतर, लोकांना जमातींत मोजणं देशाला बरं नाही म्हणून, जनगणनेतून तो प्रश्नच काढला. उदात्त विचार. पण ‘बेस्ट लूझर’ काढला नाही! म्हणून आजही जागावाटप होतं ते १९७२ च्या डोक्यांवर. त्यातली किती डोकी आता नाहीत. काही तरुणांनी ‘आम्ही कुठल्याच समाजाचे नाही’ म्हणत अर्ज भरले, ते बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये समितीने सांगितलं की जुन्या आकड्यांवर उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणं बरोबर नाही. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट देण्यात आली. पुढच्या वेळी गाडी पुन्हा रुळावर, म्हणजे १९७२ वर.

आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ म्हणजे कोण? घटनेची व्याख्या वाचण्यासारखी आहे: ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो वरच्या तिघांपैकी कुणातला दिसत नाही, तो. म्हणजे उरलेले. त्यात साखर कारखान्याचे गोरे मालकही आले आणि त्यांच्या पणजोबांनी मादागास्कर, मोझांबिकहून आणलेल्या गुलामांचे वंशजही. मालक आणि गुलाम एका खोक्यात, कारण खोकी लावणाऱ्याने फक्त आशियातून आलेल्यांना नावं दिली. मॉरिशसच्या बहुसांस्कृतिकतेवर मला खरा आक्षेप आहे तो इथे. ज्याच्याकडे पूर्वजांची भाषा, देव, गावाचं नाव दाखवायला आहे त्याला रकाना मिळतो. गुलामाची नोंदवही वेगळी होती. तिच्यात मालमत्तेची नावं असत, गावं नसत. भाषा मोडून काढलेली होती. त्या मोडतोडीतून जी भाषा उभी राहिली ती क्रिओल, आणि ती इतकी सगळ्यांची झाली की तिच्यावर कुणाचाच हक्क उरला नाही.

शाळेत याचा अर्थ काय होई ते पाहा. मराठी, तमिळ, उर्दूच्या तासाला मुलं आपापल्या वर्गात जात. क्रिओल मुलं जात धर्मशिक्षणाला किंवा ‘मानवी मूल्यां’ना. प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेत नामवंत शाळांसाठी गुणानुक्रम लागे. त्यात पूर्वजांच्या भाषेचे गुण धरायचे का, यावरून १९९५ मध्ये सरकारने घटनादुरुस्ती आणली, तीन चतुर्थांश मतं मिळाली नाहीत, विधानसभा बरखास्त झाली आणि त्या निवडणुकीत सरकार साफ झालं. अकरा वर्षांच्या पोरांच्या गुणपत्रिकेवरून सरकार पडल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा सेगेचा (बेटाचा सेगा आणि रेगे यांच्या मिश्रणाचा) गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि क्रिओल वस्त्या पेटल्या. तो राग एका माणसाच्या मृत्यूपुरता नव्हता. नंतर काही पावलं उचलली गेली. १ फेब्रुवारी, गुलामगिरी संपल्याचा दिवस, आणि २ नोव्हेंबर, करारमजूर आल्याचा दिवस, अशा दोन सुट्ट्या २००१ पासून जोडीने आल्या. आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला आणि पळालेल्या गुलामांचा आसरा असलेला ल मॉर्न डोंगर २००८ मध्ये. तराजूचं पारडं झुकू द्यायचं नाही, ही तिथली सवय इतकी मुरली आहे की ख्रिस्ती सणांतही १५ ऑगस्टचं स्वर्गारोहण आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस यांना एक वर्षाआड सुट्टी मिळते.

जानेवारी २०१२ पासून क्रिओलही शाळेत ऐच्छिक विषय झाली. कुठल्या रांगेत? पूर्वजांच्या भाषांच्या. जी सगळ्यांची आजची भाषा, तिला आत यायला वाट मिळाली ती एका समाजाची कालची भाषा म्हणून.

या पद्धतीची टिंगल करणं सोपं आहे, आणि फ्रेंच धर्तीवर ‘सगळे फक्त नागरिक’ म्हणावं असं सुचवणारे तिथेही आहेत. मला ते पटत नाही. रकाने पुसले असते तर मराठीची ती तासिका पहिल्याच अंदाजपत्रकात गेली असती, आणि ६०-० च्या विधानसभेत लहान समाजांना कुणी विचारलं नसतं. हिशेबी शांतता ही शांतताच असते. फक्त हिशेब ठेवायचा तर तो चालू सालचा ठेवावा, आणि ‘उरलेले’ या शब्दाला कुणाचं नाव करू नये.

रकान्याबाहेर तिथे खरं मिसळलेलं काय आहे ते रस्त्यावर दिसतं. ‘धोल पुरी’ हा बेटाचा राष्ट्रीय नाश्ता: वाटलेल्या डाळीची भरड भरलेली पातळ पोळी, जोडीने घ्यायची, आत मोठ्या वालांची करी, टोमॅटोची रुगाय, वरून सातिनी, म्हणजे चटणी. पोळी बिहारची, रुगाय क्रिओल स्वयंपाकातली, गिऱ्हाईक कुणीही. शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’ म्हणतात, त्यातला मुरुम तमिळ मुरुंगै. डाळवड्याचं नाव ‘गातो पिमाँ’, मिरचीचा केक. या पदार्थांवर कुठल्या समाजाने दावा केल्याचं आणि मग नोटा परत छापाव्या लागल्याचं ऐकिवात नाही.

आता ती धोल पुरी खायला रविवारी रांगेत नवी माणसं दिसतात. कापडगिरण्यांत, बांधकामावर, बेकऱ्यांत बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्करहून मजूर येतात. ठरावीक वर्षांचा करार, मालकाने दिलेल्या वसतिगृहात आठ-दहा खाटांची खोली, परवान्यावर फोटो आणि क्रमांक. करार संपला की परत. तीन-चार वर्षांत तेही कामापुरती क्रिओल बोलू लागतात. त्यांचं जहाज विमानतळावर उतरतं, तिथे पायऱ्या नाहीत.